बांधून झालेल्या घरात नवी वायर : भिंतीच्या आत नेमकं काय चालतं?



घरात बोर्ड कुठे हवेत हे बहुतेक वेळा आपण ठरवलेलंच नसतं. ते बिल्डरने, नाहीतर बांधकामाच्या वेळच्या वायरमनने ठरवलेलं असतं. मग काही वर्षांनी मुलीचं अभ्यासाचं टेबल खिडकीजवळ सरकतं आणि तिथं पॉइंट नाही असं लक्षात येतं. बाथरूममध्ये गीझर घ्यायचा ठरतो, आजोबांच्या खोलीत एसी येतो, आणि दुकानातून एक एक्स्टेन्शन बोर्ड आणला जातो. दोन दिवसांसाठी आणलेला तो बोर्ड दोन वर्षं तिथंच राहतो. त्याची वायर दाराच्या फटीतून जाते, सतरंजीखालून जाते, दर वेळी दार लागलं की चेपली जाते. रांगतं मूल घरात असेल तर ती थेट त्याच्या हाताच्या उंचीवर असते.

यावरचा खरा उपाय म्हणजे तयार भिंतीतून नवी वायर नेऊन कायमचा पॉइंट करणं. पण 'भिंत फोडायची' म्हटलं की घरातले सगळे मागे सरतात. धूळ, रंग, खर्च, गवंड्याच्या मागे लागणं! आणि एकदा काम सुरू झालं की आपण वायरमनला एवढंच सांगतो, "इथं एक पॉइंट पाहिजे, दिसायला चांगला करा." बाकी सगळं तो आणि ती भिंत.

आजचा लेख या 'बाकी सगळं' बद्दल आहे. माझं म्हणणं थोडक्यात असं : भिंतीत गेलेली वायर एकदा गिलावा झाला की दिसत नाही. म्हणून ती न बघताही सांगता आली पाहिजे. कुठून गेली, किती जाडीची आहे, कुठल्या एमसीबीवर आहे. उद्या त्याच भिंतीवर कुणीतरी घड्याळासाठी ड्रिल मारणार आहे. त्या माणसाला हे कळायला हवं.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. घरातला बल्ब, फ्यूज, स्विच बदलणं हे घरमालक करू शकतो. पण नवी वायर टाकणं, पॉइंट वाढवणं हे काम आपल्याकडच्या विद्युत सुरक्षा नियमांनुसार परवानाधारक ठेकेदारानं आणि परवाना असलेल्या वायरमननं करायचं असतं. आयटीआयमध्ये वायरमन हा दोन वर्षांचा वेगळा ट्रेड आहे, तो उगीच नाही. त्यामुळे हा लेख वाचून कुणी हातात छन्नी घेऊ नये. काम करून घेताना काय विचारायचं आणि काय बघायचं, ते कळावं म्हणून हा लेख.

आधी हिशेब, मग हातोडा

वायरमनला फोन करण्याआधी कागद-पेन घ्या. नव्या पॉइंटवर काय चालणार आहे? आपल्या घरात २३० व्होल्टचा दाब असतो. उपकरणाच्या वॅटला २३० ने भागलं की अँपिअर मिळतात. सहावी-सातवीतलं मूल हा भागाकार करू शकतं.

अभ्यासाच्या टेबलाजवळ एक एलईडी दिवा, एक लॅपटॉप आणि एक मोबाईल चार्जर लागणार. सगळं मिळून १०० वॅटच्या आसपास. १०० भागिले २३० म्हणजे अर्ध्या अँपिअरपेक्षाही कमी. हा भार किरकोळ आहे. जवळच्या चालू बोर्डवरून तो सहज घेता येतो.

आता गीझर बघू. इन्स्टंट गीझर साधारण ३००० वॅटचा असतो. ३००० भागिले २३० म्हणजे जवळजवळ १३ अँपिअर. टेबलाच्या पॉइंटच्या तीसपट! दोन्ही ठिकाणी भिंतीवर दिसणारी वस्तू तीच, एक पांढरी चौकट आणि तिला भोकं. पण भिंतीच्या आतली गोष्ट पूर्ण वेगळी आहे.

का वेगळी, ते आकड्यांत बघू या. वायरमन लोक 'एकची वायर', 'दीडची', 'अडीचची', 'चारची' म्हणतात. हा आकडा तांब्याच्या छेदाचं क्षेत्रफळ सांगतो, चौरस मिलिमीटरमध्ये. एकच्या वायरचा रोध एका किलोमीटरला साधारण १९ ते २० ओहम असतो, अडीचच्या वायरचा सुमारे ८ ओहम. समजा बोर्डपासून गीझरपर्यंत १० मीटर अंतर आहे. वीज जाते आणि परत येते, म्हणून वायर २० मीटर धरायची. एकच्या वायरमध्ये रोध झाला सुमारे ०.३९ ओहम. उष्णतेचं सूत्र तुम्हाला आठवत असेल : विद्युतधारेचा वर्ग गुणिले रोध. १३ चा वर्ग १६९, गुणिले ०.३९ म्हणजे जवळपास ६६ वॅट.

म्हणजे जुन्या पद्धतीचा एक ६० वॅटचा पिवळा बल्ब भिंतीच्या आत, पाइपात कोंडून, गीझर चालू असेपर्यंत जळत ठेवल्यासारखं झालं. ही उष्णता दहा मीटरभर पसरलेली असते हे खरं, पण तिला बाहेर पडायला हवा नसते. वायरवरचं प्लॅस्टिकचं आवरण वर्षानुवर्षं शेकत राहतं, कडक होतं, तडकतं. तीच जागा अडीचच्या वायरने भरली तर आकडा २७ वॅटवर येतो, चारच्या वायरने १७ च्या आसपास. म्हणून साधारण रिवाज असा आहे : दिव्या-पंख्यांना एक किंवा दीडची, मोठ्या प्लगला अडीचची, गीझर आणि एसीला अंतर व भार बघून अडीचची किंवा चारची.

इथे 'वर्ग' हा शब्द महत्त्वाचा आहे. धारा दुप्पट झाली की उष्णता चौपट होते. "आधी मिक्सर चालत होता की त्या पॉइंटवर, मग इंडक्शन का नाही चालणार?" या प्रश्नाचं उत्तर त्या वर्गात आहे.

याच जागी एमसीबीबद्दलचा एक गैरसमजही काढून टाकू. एमसीबी उपकरणाला वाचवण्यासाठी असतो असं अनेकांना वाटतं. तो मुळात वायरला वाचवण्यासाठी असतो. त्याचा आकडा वायरच्या जाडीवरून ठरतो. १६ अँपिअरचा एमसीबी सारखा पडतो म्हणून कुणी तिथं ३२ चा बसवून दिला आणि वायर तीच ठेवली, तर तक्रार थांबते. धोका मात्र आता भिंतीत गेलेला असतो. असं करून देणारा माणूस काम सोपं करतोय असं वाटेल, पण त्याला थांबवा.

आपली भिंत कोणती?

इंटरनेटवर वायर टाकण्याचे व्हिडिओ भरपूर आहेत. त्यातला माणूस भिंतीला वर एक छोटं भोक पाडतो, खाली एक पाडतो, वरून वायर सोडतो आणि ती खालून अलगद बाहेर येते. बघून वाटतं, किती सोपं! पण ते घर बहुधा अमेरिकेतलं असतं. तिथल्या घरांच्या आतल्या भिंती म्हणजे लाकडी चौकटीवर दोन्ही बाजूंनी ठोकलेले जिप्समचे तक्ते असतात आणि मधे पोकळी असते. आपल्याकडे ऑफिसांत किंवा हॉलचे दोन भाग करायला अशी पार्टिशन वापरतात, तेवढ्यापुरता तो व्हिडिओ खरा. बाकी आपली भिंत भरीव असते. वायर सोडायला तिच्यात पोकळीच नसते. जी काय जागा आहे ती बांधकामाच्या वेळी टाकलेल्या पाइपात.

आणि सगळ्या भरीव भिंती सारख्या नसतात. नऊ इंची विटांची, चार इंची विटांची, हलक्या ब्लॉकची, कोकणात जांभ्याची, जुन्या वाड्यात मातीची. नव्या उंच इमारतींमध्ये तर काही ठिकाणी सगळ्या भिंती काँक्रीटच्याच ओतलेल्या असतात. त्यांना मिवान पद्धतीच्या भिंती म्हणतात. अशा भिंतीत सळया असतात आणि ती भिंत इमारतीचं वजन पेलत असते. तिच्यात खाच पाडायची नाही. तसंच कॉलम आणि बीम. विटांच्या घरातही कोपऱ्यातला कॉलम गिलाव्याखाली लपलेला असतो. छन्नी मारल्यावर लाल भुगा न पडता करडा पडायला लागला की तिथंच थांबायचं. सोसायटीत राहत असाल तर आधी लेखी विचारा. आणि सोसायटी नसली तरी खालच्या घरातल्या मावशींना ठोकाठोकीची वेळ सांगून ठेवा, दुपारी त्यांची झोप असते.

न फोडता होतंय का?

चांगला वायरमन आला की लगेच हातोडा काढत नाही. आधी जुना पाइप तपासतो. जवळच्या बोर्डचं झाकण काढून आतल्या पाइपात किती वायरी आहेत ते बघतो. पाइपात निम्म्याहून जास्त जागा मोकळी असेल तर वायर ओढायच्या स्प्रिंगने नवी वायर त्यातूनच नेता येते. वायरीवर टाल्कम पावडर चोळतात, म्हणजे ती घासत नाही. पाइप गच्च भरला असेल तर मात्र ओढाताण करायची नाही. आतल्या जुन्या वायरींचं आवरण सोलवटून निघतं, आणि शिवाय दाटीत उष्णता बाहेर पडत नाही. काही पाइपांत बांधकामाच्या वेळचं सिमेंट जाऊन बसलेलं असतं, काही ठिकाणी गोल बेंडऐवजी काटकोनातला एल्बो लावलेला असतो. तिथं स्प्रिंग अडते. अडली की अडली, जोर लावून उपयोग नाही.

दुसरी वाट म्हणजे आडवाटा शोधणं. माळ्याच्या वरून, भिंतीतल्या कपाटाच्या मागून, फॉल्स सीलिंगच्या वरून. बाथरूमच्या गीझरसाठी तर एक फार उपयोगी युक्ती आहे. टाइल्सची भिंत आतून फोडायचीच नाही. तिच्या मागच्या बाजूला बेडरूम किंवा पॅसेज असतो, तिथून वायर आणायची आणि शेवटी एकच आरपार भोक पाडून आत घ्यायची. गीझरचा स्विचही मग आपोआप बाथरूमच्या बाहेर येतो, आणि तो बाहेरच असायला हवा. ओल्या हाताचा आणि स्विचचा संबंध जितका कमी तितका बरा.

तिसरी वाट, भिंतीवरून पट्टी. पीव्हीसीची पट्टी आणि वर सरकवायचं झाकण. लोक हिला नाक मुरडतात. "शाळेसारखं दिसतं" असंही मी ऐकलं आहे! पण मला विचाराल तर भाड्याच्या घरात, काँक्रीटच्या भिंतीवर, ओल येणाऱ्या भिंतीवर आणि मातीच्या जुन्या घरात पट्टीच योग्य. धूळ नाही, एका दिवसात काम होतं, पुन्हा काढता येते, आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे वायर कुठे आहे ते डोळ्यांना दिसतं. पट्टी दाराच्या चौकटीच्या कडेने, छताच्या कडेने ओळंब्यात नेली आणि भिंतीचाच रंग तिला दिला तर महिन्याभरात ती दिसेनाशी होते. फक्त तिची टोकं नीट बंद करा, नाहीतर उंदीर आत शिरतात आणि वायरी कुरतडतात.

खाच पाडायचीच असेल तर

इथे गणितातला एक सुंदर नियम येतो. भिंतीत उभी खाच जास्तीत जास्त भिंतीच्या जाडीच्या १/३ खोल चालते. आडवी खाच मात्र फक्त १/६ खोल. कारण भिंतीवरचं वजन वरून खाली येतं. उभी खाच त्या वजनाच्या वाटेला समांतर जाते. आडवी खाच त्या वाटेला छेदते आणि तेवढ्या लांबीत भिंत बारीक होते.

(वर्गात हा नियम सांगितला तर निम्मी मुलं "म्हणजे आडवी जास्त खोल चालेल" असं म्हणतील, कारण ३ पेक्षा ६ मोठा! अपूर्णांकाची तुलना शिकवायला याहून चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही.)

आता चार इंची भिंत घ्या, म्हणजे सुमारे १०० मिलिमीटर. उभी खाच ३३ मिलिमीटरपर्यंत चालते. वायरीचा पाइप २० मिलिमीटरचा, वर १० ते १२ मिलिमीटर गिलावा, झाले ३२. बरोबर बसतं. आडवी खाच मात्र १०० चा सहावा भाग, म्हणजे जेमतेम १६-१७ मिलिमीटर. यात २० चा पाइपच मावत नाही, गिलावा तर दूरच. थोडक्यात, चार इंची भिंतीत आडवी खाच पाडूच नये. नऊ इंची भिंत २३० मिलिमीटरची. तिचा सहावा भाग ३८ मिलिमीटर. तिथं छोटी आडवी खाच चालू शकते. भिंतीच्या दोन्ही बाजूंनी एकाच जागी पाठीला पाठ लावून खाचा पाडणं मात्र कुठल्याच भिंतीला मानवत नाही.

यातूनच वायरीची वाट ठरते. जुन्या बोर्डपासून सरळ वर छतापर्यंत, छताच्या कडेने पलीकडे, मग नव्या पॉइंटच्या बरोबर वर आल्यावर सरळ खाली. छताखालचा तो आडवा तुकडा चार इंची भिंतीवर पट्टीतून किंवा फॉल्स सीलिंगमधून न्यायचा. मध्येच तिरकं जायचं नाही. तिरक्या वाटेनं तीन-चार मीटर वायर वाचते, वायरमनचा तासभर वाचतो, पण ती वाट गिलाव्याखाली गेली की कुणाच्याच लक्षात राहत नाही. सरळ वाटेचा फायदा असा की बोर्ड दिसला की वायर कुठे आहे हे सांगता येतं : बोर्डच्या बरोबर वर, किंवा बरोबर खाली. पाच वर्षांनी घड्याळ लावणारा माणूस बोर्डच्या वरची ती पट्टी टाळून ड्रिल मारेल. तिरकी वायर असेल तर तो बिचारा काय टाळणार?

खाच पाडताना आधी ओळंबा लावून भिंतीवर दोन समांतर रेषा मारून घ्या, असं सांगा. कटरने त्या रेषांवर काप घेतला आणि मग छन्नीने मधला भाग काढला तर कडा सरळ राहतात. नुसत्या छन्नी-हातोड्याने ठोकलं तर दोन इंचांची खाच सहा इंचांची होते आणि पलीकडच्या खोलीतला गिलावाही सुटतो. कटरची धूळ भयंकर असते. घरात दमेकरी किंवा लहान मूल असेल तर त्या दिवशी त्यांना दुसरीकडे पाठवा. नुसतं दार लावून भागत नाही. काम करणाऱ्याच्या डोळ्यांवर चष्मा आणि नाकावर मास्क आहे ना, तेही बघा.

वायर कधीही थेट गिलाव्यात पुरू देऊ नका. ती पाइपातच हवी. पाइप असेल तर उद्या वायर बदलता येते. गिलाव्यात पुरलेली वायर बदलायची म्हणजे पुन्हा भिंत फोडणं. आणि पाइपाच्या आत जोड नको. जोड द्यायचाच असेल तर तो अशा डबीत असावा जिचं झाकण उघडता येतं. वायरीत सगळ्यात जास्त गरम होणारी जागा म्हणजे सैल जोड. तो भिंतीत गाडून टाकला तर सापडणार कसा?

गिलावा हा भाग मात्र लोक घाईत उरकतात. खाचेत आधी पाणी मारायचं, पाइप खिळ्यांनी पक्का करायचा, रुंद खाच असेल तर वर बारीक जाळी ठोकायची, मग सिमेंट-वाळूचा माल भरायचा आणि आठवडाभर पाणी मारायचं. असं केलं नाही तर दिवाळीत रंग दिल्यावर होळीपर्यंत खाचेच्या रेषेवर बरोबर तडा दिसतो. पाणी मारताना नवा पॉइंट एमसीबीतून बंद ठेवा.

तीन वायरी, तिघींची कामं

नव्या पॉइंटला तीन वायरी यायला हव्यात. फेज (लाल, पिवळी किंवा निळी), न्यूट्रल (काळी) आणि अर्थिंग (हिरवी). जुन्या घरांत अर्थिंगची वायर नसतेच. अशा वेळी काही जण तीन पिनांचा सॉकेट बसवतात आणि अर्थिंगच्या खुंटीला आतल्या आत न्यूट्रल जोडून देतात. टेस्टर लावला तर सगळं ठीक दिसतं, उपकरणही चालतं. पण कधी मागे कुठे न्यूट्रल तुटला, तर फेजचा दाब उपकरणातून फिरून त्याच जोडावरून फ्रिजच्या किंवा वॉशिंग मशीनच्या पत्र्यावर येतो. मशीन बंद पडलं म्हणून बघायला गेलेल्या माणसाचा हात पहिल्यांदा त्या पत्र्यालाच लागतो. म्हणून वायरमनला थेट विचारा, "अर्थिंग कुठून आणलं?" उत्तर 'मेन बोर्डच्या अर्थिंगपासून' असंच हवं.

दुसरी उसनवारी न्यूट्रलची. फेज एका एमसीबीवरून घेतला आणि न्यूट्रल जवळ पडला म्हणून दुसऱ्याच बोर्डमधून उचलला, असं होतं. मग नवा पॉइंट चालू केला की घराचा आरसीसीबी पडायला लागतो आणि दोष उपकरणाला दिला जातो. आरसीसीबी म्हणजे जमाखर्च बघणारा कारकून. जेवढी वीज गेली तेवढी परत आली का, एवढंच तो बघतो. घरगुती आरसीसीबी साधारण ३० मिलिअँपिअरची तफावत दिसली की पुरवठा तोडतो, कारण ती वीज कुणाच्या तरी अंगातून जमिनीत जात असू शकते. गेलेली वीज त्याच्यातून न जाता भलत्याच वाटेने परत आली, तर त्याच्या हिशेबात तूटच येणार. अशा वेळी आरसीसीबी काढून टाकणं हा उपाय नाही. न्यूट्रल योग्य जागी जोडणं हा उपाय आहे.

टीव्हीची केबल, इंटरनेटची वायर वेगळ्या पाइपातून न्या. "आहे जागा तर टाका त्यातच" असं म्हणू नका.

मेन बंद केला, तरीही?

काम सुरू होण्याआधी मेन स्विच बंद करतात हे सगळ्यांना माहीत आहे. पण आपल्याकडे घरोघरी इन्व्हर्टर आहेत. मेन बंद झाला की इन्व्हर्टरला वाटतं लाइट गेले, आणि तो इमानेइतबारे घरातल्या काही वायरींमध्ये २३० व्होल्ट सोडतो! म्हणून इन्व्हर्टरही वेगळा बंद करायचा आणि त्याची घरात जाणारी वायर सोडवायची. छतावर सौर पॅनेल आणि बॅटरी असेल तर तीसुद्धा. बंद केलेल्या एमसीबीवर चिकटपट्टीने 'काम चालू आहे' अशी चिठ्ठी लावा, नाहीतर घरातलं कुणीतरी "अरे, हा पडलाय वाटतं" म्हणून वर करतं.

नुसत्या टेस्टरवर भरवसा ठेवू नये. त्यातला दिवा आपल्या शरीरातून जाणाऱ्या अगदी सूक्ष्म धारेवर लागतो. उन्हात तो दिसत नाही, कोरड्या लाकडी स्टुलावर उभं असताना मंद लागतो. चांगला वायरमन टेस्ट लॅम्प किंवा मीटर वापरतो, आणि तेही आधी चालू पॉइंटवर तपासून घेतो.

काम संपल्यावर मेगर नावाच्या यंत्राने वायरींच्या आवरणाचा रोध मोजतात. घरातल्या वायरिंगला तो निदान १ मेगाओहम तरी हवा; नव्या वायरिंगला पुष्कळ जास्त येतो. ओढताना वायर सोलवटली असेल तर ती इथे पकडली जाते. सगळ्या वायरमनकडे मेगर नसतो, पण ठेकेदाराकडे असतो. मागायला संकोच करू नका. शेवटी आरसीसीबीवरचं 'टी' अक्षराचं बटण दाबून तो पडतो का ते बघा.

वर्गासाठी छोटासा उपक्रम

मुलांना घरातल्या एका भिंतीचं चित्र काढून आणायला सांगा. बोर्ड, दिवा, पंख्याचा रेग्युलेटर जिथल्या तिथे. मग वर्गात विचारा : वायर आतून कुठून गेली असेल? तुटक रेषेने दाखवा. मुलं आधी हटकून तिरकी रेषा काढतात, कारण ते सर्वात कमी अंतर. त्यावर 'मग खिळा कुठे मारायचा?' असा प्रश्न टाकला की चर्चा सुरू होते. यात हात कशालाच लावायचा नाही, फक्त बघायचं आणि काढायचं. पालकांना मात्र आधी निरोप द्या, नाहीतर एखादा उत्साही विद्यार्थी बोर्ड उघडून बघायचा!

आणि पालकहो, असंच एक चित्र तुम्हीही काढा, गिलावा भरण्याच्या आदल्या दिवशी. खाच उघडी असताना मोजपट्टी भिंतीला लावून फोटो घ्या, म्हणजे कोपऱ्यापासून किती आणि जमिनीपासून किती ते फोटोतच दिसेल. फोटो मोबाईलबरोबर हरवतात. म्हणून एका कागदावर भिंतीचा कच्चा नकाशा, पाइपाची अंतरं, वायरची जाडी, एमसीबीचा क्रमांक आणि कामाची तारीख लिहा, प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला आणि मेन बोर्डच्या दाराला आतल्या बाजूने चिकटवून ठेवा. घर विकलं तरी तो कागद तिथंच राहू द्या.